नसलेली लिफ्ट काढून टाकल्याबाबत

सोमवारी सकाळी साडेनऊला ठळकरावांनी नकाशे काढायचा प्रोग्रॅम नवा करून घेतला आणि सव्वादहाला त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. त्यातली पहिली पंधरा मिनिटं संगणक एकटाच काम करत होता, त्यामुळे तेवढ्या वेळात तरी त्यांच्या हातून काही चूक झाली नाही.

ठळकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते ड्राफ्ट्समन. घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून सत्तावीस वर्षं इमारतींचे नकाशे काढत आलेले. भिंतीची रेघ ठळक, दाराची मध्यम, मापाची बारीक, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव हट्ट होता आणि तो त्यांनी इतक्या ठिकाणी, इतक्या लोकांशी, इतक्या मोठ्या आवाजात धरला होता की खऱ्या नावाने हाक मारणारं आता बँकेशिवाय कोणी उरलं नव्हतं. "ज्या नकाशात भिंत आणि पडदा एकाच जाडीचे, त्या घरात माणसाने राहायला जाऊ नये," असं ते म्हणत. अंगकाठीने मात्र ते स्वतः अगदी बारीक रेघ होते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं आवडत नसे.

प्रोग्रॅम नवा करायची त्यांना मुळीच हौस नव्हती. तीन वर्षं रोज सकाळी संगणक विचारायचा, "नवी आवृत्ती आली आहे, घ्यायची का?" आणि ठळकराव उजव्या हातातला चहाचा कप न ठेवता डाव्या हाताने 'नंतर'वर टिचकी मारायचे. संगणकाचा प्रश्न आणि त्यांची टिचकी यांचं छान जमलं होतं. पण लिफ्टच्या कंपनीने जी फाइल पाठवली ती जुन्या प्रोग्रॅममध्ये काही केल्या उघडेना. आणि ती फाइल साधीसुधी नव्हती. ती त्यांच्याच इमारतीला बसायच्या लिफ्टची होती.

इमारत चार मजल्यांची. चौथ्या मजल्यावर भूमितीच्या बाई राहत. शाळेतून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी सगळे त्यांना भूमितीच्या बाईच म्हणत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं, ते नेलंच. त्याला चौदा महिने झाले. बाई तेव्हापासून खाली उतरल्या नव्हत्या. सोसायटीने लिफ्ट बसवायचं ठरवलं, तळमजल्याच्या लोकांनी चार सभा विरोध करून पाचव्या सभेत सह्या केल्या, आणि नकाशा ठळकरावांनी काढावा असं ओघानेच ठरलं. पालिकेची परवानगी देणारी समिती तीन महिन्यांतून एकदा बसायची. ती बसणार होती येत्या गुरुवारी.

तर पावणेदहा वाजले होते. लिफ्टची फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये मुकाट्याने उघडली. ठळकरावांनी ती इमारतीच्या नकाशात बसवली, घरच्या छोट्या प्रिंटरवर नमुन्याचा कागद काढला, आणि तो हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"हे बघ," ते म्हणाले.

बायकोने पाहिलं. "छान आलाय की. स्वच्छ."

"स्वच्छ?"

"म्हणजे एरवी जरा गिचमिड वाटतो. आज कसा मोकळा मोकळा आहे."

ठळकराव परत फिरले. कागदावरच्या सगळ्या रेघा एकाच जाडीच्या होत्या. बाहेरची भिंत, जिन्याची पायरी, संडासाचं भांडं, उत्तर दिशा दाखवणारा बाण, सगळं एकाच पातळ, रक्त नसलेल्या रेघेत. भरीस भर म्हणून उजव्या बाजूची बोटभर पट्टी कागदाबाहेर गेली होती आणि तिच्याबरोबर इमारतीचं फाटकही. सत्तावीस वर्षांत कोणत्या रंगाची रेघ किती जाडीने छापायची याचा जो तक्ता त्यांनी चिमूट चिमूट करून जमवला होता, तो नव्या प्रोग्रॅममध्ये कुठे म्हणजे कुठेच नव्हता. छपाईचं बटणसुद्धा जुन्या जागी नव्हतं. ते शोधायलाच त्यांना वीस मिनिटं लागली होती, पण ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नाही.

दुपारपर्यंत बातमी इमारतभर झाली. लिफ्टचा नकाशा अडला म्हटल्यावर जो तो चौकशीला येऊ लागला, आणि नुसती चौकशी करून जाणं हे शेजारधर्मात बसत नाही, म्हणून प्रत्येकजण एकेक सल्ला ठेवून गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, बंद करून पुन्हा चालू करा, आमचा मिक्सर तसाच लागतो. सोसायटीचे सेक्रेटरी आले. ते निवृत्त पोस्टमास्तर. त्यांनी संगणकाकडे पाहिलंही नाही, फक्त "गुरुवार" एवढंच म्हणाले आणि बोट वर करून गेले. शेवटी आले पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना संध्याकाळी असे, त्यामुळे दुपारी ते सर्व विषयांवर मोकळे असत.

"जुना प्रोग्रॅम अजून आहे का आत?" त्यांनी विचारलं.

"आहे. असू दे म्हटलं."

"तिथेच चुकतंय! अहो, जुनं मूळ आत ठेवून वर नवा दात बसवला तर बसेल का? ठणका लागणारच. जुना मुळासकट काढा, नवा आपोआप जागेवर बसतो."

डॉक्टर इतक्या खात्रीने बोलले की ठळकरावांना स्वतःची दाढ आठवली. ती डॉक्टरांनीच काढली होती आणि काढली होती झकास. त्यांनी जुना प्रोग्रॅम काढायला घेतला. संगणकाने विचारलं, "सोबतची सर्व माहितीही काढायची का?" डॉक्टर खांद्यावरून वाकून म्हणाले, "सर्व. काही ठेवायचं नाही." ठळकरावांनी खूण केली. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत गेली.

मंगळवारी सकाळी त्यांनी प्रोग्रॅमवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, तुमच्या छपाईच्या सेटिंग्ज कुठेही गेलेल्या नसतात."

"मग दिसत का नाहीत?"

"त्या लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, सर. सुरक्षिततेसाठी."

"कोणापासून सुरक्षित?"

पलीकडे थोडा कागद चाळल्याचा आवाज आला. "आपल्यापासून, सर. चुकून पुसल्या जाऊ नयेत म्हणून. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली तेव्हा जुन्या सेटिंग्ज आणायच्या का असं विचारलं असेल. आपण काय दाबलं होतं?"

ठळकरावांच्या डोळ्यांसमोर सोमवारची सकाळ उभी राहिली. उजव्या हातात कप होता. "नंतर," ते हळूच म्हणाले.

"हरकत नाही, सर. जुनी आवृत्ती अजून संगणकावर आहे ना? मग दोन मिनिटांचं काम आहे."

ठळकरावांनी 'पुन्हा फोन करतो' असं सांगून फोन ठेवला. त्या दिवशी जिन्यात डॉक्टर भेटले की ते भिंतीवरच्या मीटरच्या पेट्यांकडे पाहत उतरत.

मग त्यांनी एकट्यानेच शोध सुरू केला. प्रोग्रॅमच्या प्रत्येक खिडकीत ते शिरले. एका खिडकीतून दुसरी उघडे, दुसरीतून तिसरी, आणि तिसरी बंद केली की तिन्ही बंद होत. 'पान', 'पानाची मांडणी', 'मांडणीचं पान' अशा तीन वेगवेगळ्या जागा त्यांना सापडल्या आणि तिन्ही ठिकाणी कागद वेगवेगळ्या मापाचा निघाला. बुधवारी सकाळपर्यंत छप्पन्न कागद वाया गेले. बायको त्या पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवू लागली. ते पाहून ठळकरावांना जे वाटलं ते त्यांनी गिळलं.

आणि बुधवारी अकराच्या सुमारास एका खिडकीच्या तळाशी तयार तक्त्यांची एक यादी लागली. त्यातला एक त्यांनी निवडला आणि छापला. बाहेरची भिंत ठळक आली! ठळकरावांनी भिंग काढलं. दार मध्यम, माप बारीक. त्यांच्या जुन्या तक्त्याइतकं देखणं नव्हतं, पण नकाशाला पुन्हा माणूसपण आलं होतं. फाटकही कागदात परत आलं होतं. ते इतके हरखले की बायकोला म्हणाले, "चहा टाक, डॉक्टरांनाही बोलाव." डॉक्टर आले आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलं होतं."

त्या तक्त्याचं नाव 'एकरंगी' होतं. ठळकरावांनी ते वाचलं होतं, पण त्यावर विचार केला नव्हता. घरचा प्रिंटर फक्त काळंच छापायचा, त्यामुळे सगळ्या रेघा काळ्या आल्या यात त्यांना काही नवल वाटलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पालिकेच्या नकाशात जे बांधकाम आधीपासून आहे ते काळं दाखवायचं आणि जे नव्याने करायचं आहे ते लाल. हे ठळकरावांना ठाऊक होतं, झोपेतही ठाऊक होतं. संगणकाच्या पडद्यावर लिफ्ट लालभडक होती. बुधवारी संध्याकाळी त्यांनी फाइल कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात दिली. मोठ्या सहा प्रती निघाल्या. दुकानात गर्दी होती, सेक्रेटरी घड्याळ दाखवत होते, दुकानदाराने प्रती गुंडाळूनच ठेवल्या होत्या. सेक्रेटरींनी प्रत्येक गुंडाळीचा एक कोपरा धरला, ठळकरावांनी भिंगातून चौकटीची जाडी तपासली, समाधानाने मान हलवली आणि कोपऱ्यात सही केली. सहा सह्या. पोस्टात चाळीस वर्षं शिक्के मारलेल्या माणसाने एक गुंडाळी ठळकरावांकडे ठेवून बाकीच्या काखेत मारल्या आणि गुरुवारी सकाळी दहाच्या ठोक्याला नेऊन दिल्या.

अकरा दिवसांनी सोसायटीला पत्र आलं. सेक्रेटरींनी ते जिन्यात, सर्वांसमक्ष, खड्या आवाजात वाचलं:

"आपल्या इमारतीत विनापरवाना उद्वाहन बसविण्यात आल्याचे आपणच सादर केलेल्या नकाशावरून या कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सबब सदर उद्वाहन पंधरा दिवसांच्या आत काढून टाकावे."

"उद्वाहन म्हणजे?" वहिनींनी विचारलं.

"गच्चीवर काहीतरी असणार," डॉक्टर म्हणाले. "टाकी असेल."

"लिफ्ट," सेक्रेटरी म्हणाले. "लिफ्टला म्हणतात."

सगळ्यांनी जिन्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. तिथे एक सायकल आणि तुटकी कुंडी होती. मग सगळ्यांनी ठळकरावांकडे पाहिलं. ठळकराव घरात गेले, उरलेली एक प्रत पहिल्यांदाच पूर्ण उलगडली आणि खुर्चीत बसले. लिफ्ट काळी कुळकुळीत होती. रेघेची जाडी मात्र उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः पालिकेत गेले. बांधकाम विभागातल्या खिडकीमागे एक बाई होत्या. समोर नकाशा पसरलेला होता.

"ही लिफ्ट अजून बसलेली नाही," ठळकराव म्हणाले.

"नकाशात आहे."

"ती करायची आहे."

"करायची असते ती लाल. ही काळी आहे."

"छपाईत गडबड झाली. आमचा प्रोग्रॅम नवा केला, त्यात..."

"खाली सही तुमची?"

"माझीच."

"मग लिफ्टही तुमचीच."

"बरं, मी अर्ज मागे घेतो. नवा नकाशा देतो."

"नोटीस निघाल्यावर अर्ज मागे घेता येत नाही. आधी लिफ्ट काढा."

"नसलेली लिफ्ट कशी काढू?"

"ते तुम्ही बघा. काढली की फोटो जोडा."

ठळकराव घरी आले, सायकल आणि कुंडी बाजूला केली आणि रिकाम्या जागेचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"यात काहीच नाही."

"तेच तर दाखवतोय."

"काढण्याआधीचा फोटो कुठे आहे? दोन्ही लागतात."

त्या क्षणी ठळकरावांना आपल्या सत्तावीस वर्षांच्या कामाचं काय झालं असा प्रश्न पडला. रांगेतला मागचा माणूस "काका, आवरा" म्हणाला. त्यांनी मोठ्या कष्टाने आवाज खाली ठेवून प्रत्यक्ष पाहणीची मागणी केली. अर्जाचा नमुना तीन पानी होता. त्यात 'उद्वाहनाचा रंग' असाही एक रकाना होता. ठळकरावांनी त्यात काय लिहिलं हे त्यांनी पुढे कोणालाच सांगितलं नाही.

पाहणीसाठी अभियंतासाहेब मंगळवारी अकरा वाजता आले. देहाने भारदस्त, काखेत फाइल, कपाळावर घाम. ठळकराव आणि सेक्रेटरींनी त्यांना तळमजल्यावरची मोकळी जागा दाखवली.

"बघा साहेब, काही आहे का?"

"इथे नाही," साहेब म्हणाले. "पण नकाशात चारही मजल्यांवर दाखवली आहे. सगळे मजले पाहावे लागतील."

"साहेब, खाली नसेल तर वर कशी असेल?"

"अहवालात प्रत्येक मजल्याला वेगळी ओळ आहे."

साहेब चढू लागले, मागोमाग ठळकराव. पहिल्या मजल्यावर त्यांनी 'आढळले नाही' असं लिहिलं. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून लिहिलं. तिसऱ्या मजल्यावर लिहायच्या आधी बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत उभे राहिले. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा त्यांच्याने काही लिहवेना. भूमितीच्या बाईंचं दार उघडंच होतं. बाईंनी काठीने खुर्ची दाखवली. साहेब बसले, दोन तांबे पाणी प्यायले आणि शर्टाचं वरचं बटण काढलं.

तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी तो उचलला आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यापलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक म्हातारी बाई फोन कानाला लावून उभी होती.

"नाही गं, पालिकेचे साहेब आलेत. लिफ्ट शोधायला. नाही, सापडली नाही अजून. ठेवते." बाईंनी हात हलवला. पलीकडच्या बाईंनीही हलवला.

"कोण त्या?" साहेबांनी विचारलं.

"धाकटी बहीण. तिच्या इमारतीत लिफ्ट आहे, पण हृदयाचा त्रास, इथे चढवत नाही. मला उतरवत नाही. रोज दिसते, चौदा महिने भेट नाही." बाई हे एखादं माप सांगावं तसं म्हणाल्या. "तुमचं काय ठरलं? सापडली लिफ्ट?"

"नाही."

"मग तसं लिहा."

साहेबांनी फाइल उघडली. "तसं लिहायला जागा नाही. नोटिशीवर दोनच शेरे आहेत. 'काढले' किंवा 'काढले नाही'. 'नव्हतेच' असा शेराच नाही."

"आज ती लिफ्ट इमारतीत आहे?"

"नाही."

"पालिकेच्या कागदाप्रमाणे काल होती?"

"हो."

"होती आणि आता नाही. मग तिचं काय झालं असेल?"

साहेबांनी पेन हातात धरून थोडा विचार केला. मग खाली मान घालून 'काढले' या शब्दावर खूण केली आणि सही ठोकली. जाताना दारात थांबून त्यांनी चार मजले खाली वाकून पाहिलं आणि ठळकरावांना हलक्या आवाजात म्हणाले, "नवा अर्ज लवकर द्या. समितीची जादा बैठक आहे पुढच्या आठवड्यात. आणि कृपा करून लाल."

साहेब गेले तरी ठळकराव बाईंच्या दाराशीच घुटमळत राहिले. माफी मागायची होती, पण सुरुवात सापडत नव्हती.

"बाई, माझ्यामुळे तुमचे महिने वाढले," शेवटी ते म्हणाले. "मी भिंग घेऊन जाडी पाहत बसलो. लाल रंग गेलेला मला दिसलाच नाही. आणि खरं सांगू? अजूनही तो कसा आणायचा ते मला माहीत नाही. माझा सगळा तक्ता पुसला गेलाय."

"तक्ता म्हणजे कोणत्या रंगाला किती जाडी, एवढंच ना?"

"एवढंच," ठळकराव म्हणाले. 'एवढंच' हा शब्द त्यांना लागला.

बाईंनी कपाटाकडे काठी केली. वरच्या कप्प्यात एक गुंडाळी होती. नऊ वर्षांपूर्वी बाईंचं स्वयंपाकघर वाढवलं तेव्हाचा नकाशा, ठळकरावांनीच काढलेला, त्यांच्या जुन्या तक्त्याने रंगीत छापलेला. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. भिंत, दार, पायरी, माप. आणि वाढवलेल्या ओट्याची लाल रेघ, नऊ वर्षांनीही जशीच्या तशी.

"खाली नेऊ नका, इथेच मोजा," बाई म्हणाल्या. "मी लिहून घेते. पस्तीस वर्षं मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारल्यात मी. मला वाटलं होतं त्या तरी कोणी पुसू शकणार नाही."

दोघं दोन दिवस बसले. ठळकराव भिंग लावून जाडी सांगत, बाई वहीत उतरवून घेत, आणि शंका आली की "पुन्हा मोजा" म्हणत. दोनदा त्यांचंच बरोबर निघालं. एकूण चौदा रंग भरले. शुक्रवारी ठळकरावांनी तो तक्ता नव्या प्रोग्रॅममध्ये एकेक आकडा करून घातला, छपाईच्या दुकानात स्वतः गेले, आणि रांगेतल्या सगळ्यांना थांबवून सहाही प्रती जमिनीवर पूर्ण उलगडून पाहिल्या. लिफ्ट लाल होती. दुकानदार म्हणाला, "काका, पाय बाजूला घ्या, लोकांना जाता येत नाही." ठळकरावांनी घेतले नाहीत.

मधल्या काळात पालिकेचं आणखी एक पत्र आलं. विनापरवाना उद्वाहन मुदतीच्या आत स्वखर्चाने काढून टाकल्याबद्दल कार्यालयाने सोसायटीची प्रशंसा केली होती. सेक्रेटरींनी ते चौकटीत बसवून जिन्यात लावलं. नव्या अर्जावर मात्र समितीने एक शंका काढलीच: सोसायटीने नुकतीच एक लिफ्ट काढून टाकली आहे, मग लगेच दुसरी कशासाठी? ठळकरावांनी खुलासा एका ओळीत लिहिला, "आधीची काळी होती." कोणाला काय कळलं कोण जाणे, पण परवानगी आली.

पाच महिन्यांनी लिफ्ट चालू झाली. तळमजल्यावर सगळी इमारत जमली होती. तळमजल्याचे लोक सगळ्यात पुढे होते. डॉक्टर प्रत्येकाला सांगत होते की जुना प्रोग्रॅम काढायला आपणच लावलं होतं, आणि ठळकराव ते ऐकून घेत होते. दार सरकलं. भूमितीच्या बाई काठी टेकत बाहेर आल्या. एकोणीस महिन्यांनी त्यांनी अंगण पाहिलं. सेक्रेटरींनी खिशातून दोन कागद काढले, घसा खाकरला आणि भाषण सुरू केलं.

बाईंनी पहिली दोन वाक्यं उभ्याने ऐकली. मग म्हणाल्या, "चालू द्या तुमचं," आणि लोकांमधून वाट काढत फाटकाकडे निघाल्या. ठळकराव हात द्यायला पुढे झाले. त्यांनी काठीनेच 'नको' अशी खूण केली. सेक्रेटरींनी भाषणाचा दुसरा कागद उलटला तोवर बाई अर्धा रस्ता ओलांडून गेल्या होत्या.